वार्निशातले बुडबुडे

माझं वार्निश विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गुळगुळीत बसायचं आणि शहराबाहेर पादरा गावातल्या कारखान्यात त्याला फोड यायचे. दोन घाणे वाया गेले होते. आज तिसरा आणि शेवटचा. हाही बिघडला, तर मालक नगीनभाई विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारांच्या वेटोळ्यांना, परदेशी वार्निश लावणार होते. १९९४ साल होतं, परदेशी कंपन्यांची माणसं शहरात अलकापुरीच्या हॉटेलांत मुक्काम ठोकून बसली होती. माझी चार वर्षांची मेहनत मात्र कपाटात जाणार होती.

चूक कारखान्याचीच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

"वसुंधराबेन, तमारा कागळ प्रमाणेज करीए छीए," मी लिहून दिलेल्या कृतीचा कागद दाखवत नगीनभाई म्हणाले.

"मग कागद नीट वाचा!" मी तडकले. माझा स्वभावच तसा.

डबे उचलायला मी आमच्या प्रयोगशाळेतल्या दिनकररावांना सोबत आणलं होतं. टाकीतलं मिश्रण घोटून झालं. कामगार त्यात घट्ट करणारं द्रावण ओतणार, तोच दिनकरराव ओरडले, "अहो, थांबा! इतक्यात?"

"कागदावर 'लगेच' लिहिलंय," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली. "मॅडम, रागावू नका. आपल्या प्रयोगशाळेत घोटून झालं की मी फतेगंजच्या नाक्यावर चहाला जातो. तेव्हा तुम्ही वर्गावर असता. परत आल्यावर दुसरा डबा ओततो. मधे अर्धा तास जातोच."

चार वर्षं! चार वर्षं मी वहीत 'लगेच' लिहीत होते. त्यांच्यावर खेकसायला तोंड उघडलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या अर्ध्या तासात घोटताना शिरलेली हवा वर येऊन निघून जात होती! इथे 'लगेच' ओतल्यामुळे ती आतच अडकत होती.

"कोणी हात लावू नका!" मी अक्षरशः उडी मारली. मग अर्धा तास सगळे टाकीत डोकावत उभे. बुडबुडे वर येत होते, फुटत होते. शेवटी द्रावण ओतलं, नमुन्याची पट्टी भट्टीत घातली, बाहेर काढली.

"एकेय परपोटो नथी!" नगीनभाईंनी पट्टी डोक्यावर नाचवली. खरंच, एकही बुडबुडा नव्हता. मला रडू आणि हसू एकदमच आलं.

त्यांनी लगेच कराराचा कागद पुढे केला. 'पद्धत शोधणारे' या शब्दांपुढे माझं नाव टाइप केलेलं होतं. मी त्याच्या आधी दिनकररावांचं नाव लिहिलं.

ते घाबरलेच. "मॅडम, नको! ऑफिसात कळेल की मी कामाच्या वेळी चहाला जातो."

"कळू दे," मी म्हणाले, आणि सहीसाठी पेन आधी त्यांच्या हातात दिलं.