आकड्याआधीची कारणं

बेरोजगारीचा सरकारी आकडा यायचा दुपारी, पण तो का बदलला याची कारणं वर्तमानपत्रात सकाळीच लिहून तयार असायची. उपसंपादक ताई दोन बातम्या करून ठेवी. आकडा वाढला तर 'बाजारातली मंदी', घटला तर 'कारखान्यांतली नवी भरती'. आकड्यापुरती जागा कोरी. इतकी वर्षं हेच चाललं होतं आणि एकाही वाचकानं कधी हूं की चूं केलं नव्हतं.

या खेपेला आकडा घटला. ताईनं सोबतचं टिपण वाचलं आणि तिचा हात थांबला. नवी भरती नावालाच होती. काम शोधणंच सोडून दिलेल्यांना मोजणीतून वगळलं होतं, म्हणून आकडा उतरला होता. तिचा धाकटा भाऊ त्यांतलाच. छापखाना बंद पडल्यावर वर्षभर त्यानं लोकांचे उंबरठे झिजवले, आणि आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असे. मोजणीवाल्या बाईंनी 'काम शोधताय का?' विचारलं, तेव्हा त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली होती.

तिनं खरं कारण पहिल्याच परिच्छेदात घातलं आणि मजकूर संपादकांपुढे ठेवला.

"ताई, हे कुणाला कळणार? आपलं नेहमीचं काय वाईट आहे?"

"ते खोटं आहे, साहेब."

"खोटं कसं? थोडी भरती झालीच आहे की. जाऊ द्या हो, पान छपाईला सोडायचंय."

भांडायलाही अंगात त्राण लागतं. तिनं नेहमीचीच बातमी छपाईला पाठवली. स्वतःची लाज वाटली, पण तीसुद्धा थकल्यासारखीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो काय, भाऊ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार! हातात तिचंच वर्तमानपत्र.

"ताई, भरती चालू झालीये आणि मी आपला लोळत पडलोय. तू लिहिलंयस म्हणजे खरंच असणार. कुठे जाऊ सांग."

किती महिन्यांनी त्याच्या तोंडावर हुरूप दिसत होता. खरं सांगावं तर तो पुन्हा भिंतीकडे वळणार.

"कारखान्यांच्या बाजूला बघ," ती म्हणाली.

चपला चढवत तो हसला. "आणि एवढी भरती असूनही मला नाही मिळालं, तर मग मीच कुचकामी. काय?"

तिनं बोलायला तोंड उघडलं, तोवर तो जिना उतरून गेला होता.