लाल रेघेचा नट

देवेंद्रच्या फायद्याची बाजू भरभक्कम होती. नीरावहिनींनी नवऱ्याची, म्हणजे सदानंदची, जुनी इंग्लिश मोटरसायकल त्याला फुकट देऊ केली होती. शिवाय पुढच्या चाकाचा तो नट त्याच्या खिशात जाणार होता. देवेंद्रविरुद्ध साक्ष देईल अशी जगात तेवढीच एक वस्तू उरली होती.

अकरा वर्षांपूर्वी पंक्चर काढायला ते चाक यानेच खोललं होतं. इंग्लिश गाडीला इंग्लिश मापाचे पाने लागतात. या शहाण्याने आपला मिलिमीटरचा दामटला. नटाचे कोपरे झिजून गोल झाले, नट पुरता आवळलाच नाही. "एकदम टाइट," म्हणत गाडी परत दिली. दुसऱ्या दिवशी डभोईच्या रस्त्यावर चाक डगमगलं आणि सदानंद गेला. गाडी टेम्पोतून आली तेव्हा नट शेवटच्या दोन आट्यांवर लटकत होता. देवेंद्रने तो पाहिला आणि वर गोणपाट टाकलं. ते आजवर कोणी उचललं नव्हतं.

आता वहिनींच्या नागरवाड्यातल्या घरामागे, भर दुपारी, तोच नट पार आतपर्यंत आवळलेला निघाला आणि हलेना. डिझेल पाजलं, शेक दिला, छन्नी मारली. बोटांची सालं निघाली.

"जवा दो ने भावजी, राहू द्या, चहा घ्या," वहिनी म्हणाल्या.

त्याचं लक्ष नटावरून ॲक्सलवर गेलेल्या लाल रेघेकडे होतं. नट आवळला की सदानंद नेलपॉलिशने अशी रेघ ओढायचा. नट सरकला तर ती तुटलेली दिसावी म्हणून. ही अखंड होती.

"ही कोणी ओढली, वहिनी?"

"हे गेल्यापासून घरात नेलपॉलिशची बाटलीच नाही. शेवटचा हात कोणाचा लागला होता याला?"

"काय माहीत."

नट आतून करकरला, कोणी आणखी आवळावा तसा. पाना तर जमिनीवर पडला होता. नेलपॉलिशचा ताजा वास आला.

"माझाच हात," देवेंद्र म्हणाला. "ढिला राहिलाय हे मला कळलं होतं."

मग नट नुसत्या बोटांनी फिरला.

वहिनींनी चहाचा कप उचलून आत नेला. येताना म्हणाल्या, "गाडी तुमचीच. आवळा तुमच्या पान्याने, आणि डभोईला जाऊन या."

तो चालत घरी गेला.

सदानंदचा जीव गेला, वहिनींची अकरा वर्षं गेली. देवेंद्रच्या अंगठ्याला तेवढा लाल रंग लागला. नख त्याने दोनदा मुळापासून कापलं. नवं येतं तेही लालच.