चौदा नंबरचं मत

स्थिर पक्षव्यवस्था हा उदारमतवादी लोकशाहीचा कणा असतो. राहनाळच्या पलीकडच्या आमच्या गावात हा कणा इतका ताठ होता की पंचवीस वर्षं मतपेटीतून एकाच पक्षाची मतं निघत. दुसऱ्या पक्षाला बूथवर बसायला माणूस मिळत नसे. त्या पक्षाचे गावातले पुढारी केसरीनाथ पाटील, ते ह्या प्रकाराला एकोपा म्हणत.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये नारपोलीच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवणाऱ्या रघूनं हा एकोपा मोडला. मतदानाच्या आडोशामागे गेला, विरोधी चिन्हावर शिक्का मारला, आणि कानावरची पेन्सिल काढून मतपत्रिकेच्या कोपऱ्यात १४ लिहिलं. सवयीनं. कारखान्यात कापडाचा ताका उतरला की विणकरानं त्यावर आपला नंबर टाकायचा, म्हणजे डाग निघाला तर कोणाला धरायचं ते शेटला कळतं. रघू बारा वर्षं तेच करत होता. पत्रिका पेटीत पडल्यावर त्याच्या लक्षात आलं.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. काशी भाकरी थापायची थांबली.

"मत दिलंत का ताका उतरवलात?"

हसायला दोघांनाही जमलं नाही. घरात एकच मुलगी, आणि नसबंदीच्या यादीतून रघूचं नाव पाटलांनीच काढवलं होतं, मताच्या बोलीवर. मोजणीला पक्षातर्फे बसणार तेही पाटीलच, आणि रघूचा नंबर त्यांना ठाऊक होता. यादी आता बंद झाली असं लोक म्हणत, पण बंद केलेलं चालू करायला सरकारला कितीसा वेळ लागतो? रस्त्यावर जीप वाजली की रघू मागच्या दारानं शेतात जाई. मतदानाच्या दुसऱ्या दिवसापासून काशीनं त्या दाराला कडी लावणंच सोडलं.

निकालानंतर पाटलांचा निरोप आला. रघू गेला. पाटील ओटीवर बसले होते, छातीवर विरोधी पक्षाचा बिल्ला. दिल्लीचं सरकार पडलं हे रघूला ठाऊक होतं. बिल्ला इतक्या लवकर मिळतो हे ठाऊक नव्हतं.

"चौदा नंबर तुझाच ना रं?"

रघूनं मान डोलावली.

पाटलांनी त्याला बसवलं, चहा मागवला. संध्याकाळी नव्या पक्षाचे लोक यायचे होते. गाव पहिल्यापासून त्यांच्याच बाजूचं, असं पाटील त्यांना सांगणार होते. त्याला पुरावा म्हणून निदान एक मत हवं होतं.

"तेवढं एकच होतं, तुझं," पाटील म्हणाले. "पण मोजणीच्या सायबानं बाद केलं. मतपत्रिकेवर लिवलेलं चालत न्हाय."

गावातून नव्या पक्षाला शून्य मतं पडली.