जिनिव्हाला गेलेली घोंगडी

मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या अंगाला मेंढराचा वास येतो आणि तो येणारच. मी एक जुनी घोंगडी आहे. रंगानं काळी, कडेला दोन पांढरे पट्टे, आणि एक कोपरा कसरीनं खाल्लेला. पण जिनिव्हा नावाच्या परदेशी शहरात, जिथं देशोदेशीची माणसं सभेला जमतात, तिथं मी जाऊन आले आहे. तुमच्यापैकी किती जण गेलेत, सांगा बरं?

माझी लोकर मांडवगण फराट्याच्या अलीकडच्या धनगर वस्तीतली. तानुबाईनं ती स्वतः कातली, दगडोबा सणगरानं विणली आणि चिंचोक्याची खळ लावून मला असं कडक केलं, की पहिल्या वर्षी मी वाकायलाच तयार नव्हते. पुढं मी थंडी अडवली, पाऊस अडवला, नुकती जन्मलेली कोकरं पोटाशी घेतली. पण माझा खरा मान वेगळाच. वस्तीत तंटा झाला की मधोमध मला अंथरायचे. माझ्यावर बसून खोटं बोलायचं नाही, आणि वडीलधाऱ्यानं "बोल" म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही आमच्या वस्तीची रीत. "बोल" म्हणायचा मान तानुबाईच्या थोरल्या दिरांचा, रखमाजीआबांचा.

१९९८ साली नदीला जाणाऱ्या आमच्या वाटेवर तारेचं कुंपण पडलं. एका कंपनीनं गोदामासाठी जागा घेतली, तिच्यात ही वाटही गेली. भीमा डोळ्यांसमोर, पण पाणी पाजायचं तर चार कोसांचा वळसा. उन्हाळ्यात गाभण मेंढ्या वाटेतच बसायच्या, त्या पुन्हा उठायच्या नाहीत. तानुबाईनं अर्जावर अर्ज दिले. साहेब बदलले, अर्ज जागेवरच. अशा कामाला लोक 'भिजत घोंगडं' म्हणतात. आमच्याच नावानं का, देव जाणे!

शिरूरची सविता वकील होती आणि मेंढपाळांसाठी झटणाऱ्या एका संस्थेचं काम करायची. तिच्या धडपडीनं २००१ साली तानुबाईला जिनिव्हाच्या मानवी हक्कांच्या सभेत बोलायची संधी मिळाली. दौंडला रेल्वेत बसतानाच सविता म्हणाली, "आत्या, घोंगडी कशाला? तिथं खुर्च्या हायत."

"खुर्चीवर बसून माणूस खरंच बोलंल कशावरनं?" तानुबाईनं विचारलं. सवितानं मला उचलून वरच्या फळीवर ठेवलं.

वाटेत तिनं तानुबाईला सगळं समजावलं. "तिथं कुणाला दंड होत न्हाई. पण बोललेलं सभेच्या अहवालात आलं, की आपल्या सरकारला त्याची दखल घ्यावी लागती. तीन मिनिटं मिळत्यात. लाल दिवा लागला की माईक बंद."

सभागृहात देशांच्या नावाच्या पाट्या आणि प्रत्येकाच्या कानाला भाषांतर ऐकायचं यंत्र. माणसं कलमांचे आकडे सांगत भरभर बोलत होती. तानुबाईचं नाव पुकारलं गेलं. तिनं मला खुर्चीवर अंथरलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्यावर बसली आणि गप्प राहिली.

"आत्या, बोला!" सविता कुजबुजली.

तानुबाई ढिम्म हलली नाही. सविता पडली पोरगी. वडीलधारं कुणी "बोल" म्हणालं होतं कुठं? एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. माझा तर जीव टांगणीला लागला. पुढच्या रांगेत केनियाचा एक म्हातारा मेंढपाळ बसला होता. त्यानं वळून तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्याला काय उमजलं कोण जाणे, पण त्यानं हातातली काठी जमिनीवर टेकवली आणि आपल्या भाषेत एकच शब्द उच्चारला. तानुबाईनं त्याला मान लववली आणि तोंड उघडलं.

"आमची नदीची वाट तारंनं अडवलीया. मेंढरं पाण्याच्या समूर तहानेनं मरत्यात. आमाला कुणाची जमीन नगं. बापजाद्यांची वाट तेवढी मोकळी करा. आमी तिच्यावरनं चालतो, ती उचलून घरी न्हेत न्हाई."

सविता एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती, तोच लाल दिवा लागला. गावाचं नाव राहूनच गेलं!

दुपारी आपल्या सरकारच्या प्रतिनिधींनी इंग्रजीत उत्तर दिलं, की मेंढपाळांची काळजी घ्यायला देशात कायदे आहेत. सवितानं ते सांगितलं, तेव्हा तानुबाई बाहेरच्या जिन्यात मला छातीशी धरून रडली. "गावच सांगितलं न्हाई, तर वाट कुणाची सोडवत्याल गं? आबांना काय तोंड दावू?"

तेवढ्यात सरकारतर्फे उत्तर देणारे तेच साहेब जिना उतरत आले आणि थांबले. मराठीत म्हणाले, "बाई, गाव कोणतं?"

तानुबाईनं डोळे पुसून सांगितलं. त्यांनी वही काढून गाव, शिवार, कुंपणाचं साल, सगळं लिहून घेतलं. "आत मी सरकारतर्फे बोललो," ते म्हणाले. "हे मी स्वतः विचारतोय."

परत आल्यावर तानुबाईनं रखमाजीआबांना काही न लपवता सगळं सांगितलं आणि मान खाली घालून उभी राहिली. आबांनी माझ्या पट्ट्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "चूक तुझी न्हाई, तानु. आमी तुला चाळीस वर्सं थांबायला शिकवलं. हितनं फुडं या घोंगडीवर बसंल त्यानं कुणाची वाट बघायची न्हाई."

अहवालात आमच्याबद्दल एकच ओळ आली. तीही गावाच्या नावाशिवाय. पण साहेबांच्या वहीतलं गाव वरून खाली कागदाकागदानं उतरत आलं आणि २००३ साली मोजणीदार साखळी घेऊन वस्तीवर हजर झाला. कुंपण मागं सरकलं. पहिल्या दिवशी मेंढरं वाटेच्या तोंडाशीच अडली, कारण निम्मी कुंपणानंतर जन्मलेली होती. मग मला खांद्यावर टाकून तानुबाई पुढं झाली, आणि कळप तिच्यामागं थेट पाण्यात शिरला. त्या दिवशी मी चिंब भिजले आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

आता तानुबाई नाही. मी पत्र्याच्या पेटीत असते. मित्रांनो, मला वर्षातून एकदा ऊन दाखवा, एवढंच माझं मागणं. आणि कधी कुणी घोळक्यात गप्प बसलेलं दिसलं, तर त्याच्याकडं सांगण्यासारखं काही नाही असं धरून चालू नका. ते माणूस कदाचित एका शब्दासाठी थांबलं असेल. जवळ जा आणि "बोल" म्हणा. तुम्ही लहान असलात तरी चालेल. वडीलधाऱ्याची अट आबांनी केव्हाच काढून टाकली आहे.