चांद्या-तांब्याची गैरहजेरी

त्या दिवशी अर्जुनराव मास्तरांनी तपासणीला आलेल्या साहेबांना रेंगीतून तोंडघशी पाडले. पण शाळेच्या शेरेबुकात तसे काही लिहिलेले नाही, तेव्हा तसे काही घडलेच नाही असे समजून पुढे जाऊ.

सकाळी आठाला मास्तर मनकर्णाबाईंच्या गोठ्यापुढे उभे होते. गाव पिंपळगाव राजाच्या पलीकडचे, साल त्रेसष्ट. मास्तरांना सहा महिन्यांसाठी नेमले होते, त्याला नऊ वर्षे झाली होती. आज साहेबांना विज्ञानाचा पाठ पसंत पडला, तर ते कायम होणार होते.

गतीचे नियम तीन, पण मास्तरांकडे उपकरण एकच. मनकर्णाबाईंची रेंगी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, आणि तिचे बैल चांद्या नि तांब्या. धावती रेंगी एकदम थांबवली की पोरे पुढे कलंडत. हा पहिला नियम. आणखी पोरे कोंबली की रेंगी वेग घ्यायला कुरकुरे, हा दुसरा. मागून उडी मारली की ती पुढे हिसका खाई, हा तिसरा. हे नियम चांद्यानेच शोधले, असे निम्म्या गावाचे मत होते.

"काकू, जोडी द्या. साहेब खामगावहून निंगाले असतीन."

मनकर्णाबाईंचे हात हळद-लोण्याने माखलेले होते. "मास्तर, आज काय हाये?"

"तपासनी हाये."

"आज खांदशेकणी हाये. उद्या पोया."

तपासणीची तारीख मास्तरांनीच कळवली होती, सरकारी सुट्ट्यांची यादी पाहून. यादीत पोळा होता, आदला दिवस नव्हता. हळद-लोण्याने खांदे शेकून बैलांना उद्याच्या जेवणाचे आवतन दिले की पोळा होईस्तोवर बैलाच्या मानेवर जू चढत नाही, हे यादीला ठाऊक नव्हते. मास्तरांना जन्मापासून ठाऊक होते; पण यादीवर शिक्का होता.

"काकू, माह्या नोकरीचा सवाल हाये. दहाच मिनिटं."

"मी हो म्हनीन. त्याईले तुमीच इचारा."

चांद्याने डोळे मिटले होते. खांद्यावरचा जुना घट्टा पिवळाधमक झाला होता. मास्तरांनी त्यावरून बोट फिरवले.

"राहू द्या," ते म्हणाले. "रेंगी तेवढी द्या."

अकरा वाजता मैदानात जुवाच्या एका बाजूला कोट-टोपीसह मास्तर होते, दुसऱ्या बाजूला सातवीचा अर्धा वर्ग. रेंगीत साहेब.

"बैल कुठे आहेत?" साहेबांनी विचारले.

"रजेवर हायेत, साहेब."

"अर्ज?"

"तोंडी हाये."

साहेबांनी तसे लिहून घेतले.

रेंगी धावली. चाळीस पावलांवर मास्तर म्हणाले, "थांबा." रेंगी थांबली. साहेब मात्र त्याच वेगाने, सरळ रेषेत, बाहेरचे बल लागेपर्यंत पुढे गेले. बाहेरचे बल म्हणजे मास्तरांची पाठ.

"काऊन पडले साहेब?" साहेब पाठीवर असतानाच मास्तरांनी वर्गाला विचारले.

"गाडी थांबली, साहेबाले कोनी थांबवलंच नाही," वर्ग एका सुरात म्हणाला.

साहेबांनी चष्मा पुसून शेरा लिहिला: 'पाठ समजला. पाठाचे साधन विनापरवानगी गैरहजर. कायम करण्याचा विचार पुढील तपासणीत.' पुढील तपासणी साहेबांच्या बदलीबरोबर निघून गेली.

संध्याकाळी मनकर्णाबाई मास्तरांच्या ओट्यावर आल्या. हळद-लोण्याची वाटी खाली ठेवली.

"खांदा सोलला ना? लावून घ्या."

जाता जाता वळल्या आणि बैलांना म्हणतात तेच, त्याच सुरात म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मास्तर गेले. चांद्या-तांब्याचा घास झाल्यावर तिसऱ्या पानावर बसून पुरणपोळी जेवले. पुढची सगळी वर्षेही जेवले, बैल गेले तरी. नोकरी संपली तेव्हा ते तात्पुरतेच होते. शेवटच्या दिवशी त्यांनी बुलढाण्याला एक अर्ज धाडला:

'...सबब, अर्जदाराच्या नेमणुकीचे राहू द्यावे. परंतु चांद्या व तांब्या (दोघेही मयत) यांची खांदशेकणीच्या दिवसाची रजा मागाहून मंजूर करून, त्यांच्या नावापुढील गैरहजेरीचा शेरा काढून टाकण्यात यावा, ही नम्र विनंती.'