सोनाबाईच्या वाट्याचं पाणी

मी एक जुना पाण्याचा टँकर आहे. डिचोलीजवळच्या एका गावात खनिजाच्या ट्रकांमागे उडणारी लाल धूळ बसवणे, हे माझे काम. तरुणपणी माझा रंग निळा होता. आता तो कोणता, हे मलाही सांगता येत नाही.

मित्रांनो, मला चालवणारा गणपत सावंतवाडीचा. विहिरीवर मला भरले की तो लगेच नळ सोडी, आणि देवेशच्या हॉटेलापुढे मला उभा करून चहा प्यायला जाई. नळ चालूच. तिथे इतका चिखल झाला की बेडकांनी संसार थाटले. गावाच्या टोकाला चढ आहे. ट्रक तिथे धापा टाकत, धूळ उडवत चढतात. चढावरच्या पत्र्याच्या खोल्यांत बेळगावकडून आलेले मजूर राहतात. तिथे पोचेपर्यंत माझ्या पोटात नुसता आवाज उरे.

"चढावर पोचासर टाकीत पाणी उरणा नाय, मी काय करू?" गणपत म्हणे.

यंदा पंचायतीने शाळेला विचारले, पाणी कसे मारावे ते मुलांनीच सुचवावे. विज्ञानाच्या अश्विनीबाईंनी प्रत्येकाला एक पांढरा रुमाल दिला आणि दिवसभर दारात टांगायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या झाडांना पाणी द्यायला गेलो होतो, म्हणून मला सगळे ऐकू आले. देवेशची मुलगी सेजल हिचा रुमाल पांढराच होता, फक्त त्याला भज्यांचा वास येत होता. चढावरच्या राणीचा रुमाल विटेसारखा लाल.

"गो, पान खाऊन ह्याच रुमालान तोंड पुसलंस?" सेजल म्हणाली. वर्ग हसला.

"आमची सोनाआजी बसूनच झोपते," राणी म्हणाली. "आडवी झाली की खोकला सुरू होतो."

मग कोणी हसले नाही.

मुलांनी ठरवले, सगळ्यांना सारखे पाणी. मलाही ते न्यायाचे वाटले. नळ बारीक सोडून मी आठवडाभर गावभर हिंडलो. चढावर मात्र ते चार थेंब पडताच वाळत. रुमाल पुन्हा टांगले, तर राणीचा लालच.

"पाणी आपण सारखे वाटले," बाई म्हणाल्या. "धूळ सारखी वाटली गेली होती का?"

सेजलने आपला पांढरा रुमाल राणीच्या लाल रुमालाशेजारी धरला. मग म्हणाली, "आमच्या वाट्याचा पाणी राणीच्या चढावर मारा."

हे कळताच देवेश रस्त्यात मला आडवा आला. "माझ्या दारात धूळ इली तर भजी कोण खातलो?"

"बाबा, पयली ते बेडूक तरी जावंदेत," सेजल म्हणाली.

आता गणपत नळ बंद ठेवून मला आधी चढावर नेतो. उरलेले पाणी येताना गावात. चहा सगळ्यात शेवटी, म्हणून तो थोडा कुरकुरतो. चढताना मला धाप लागते. पण परवा राणीची आजी सोनाबाई दारात येऊन त्याला म्हणाली, "काल पाठ टेकून झोपले बघ."

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. माझा नळ म्हातारा झाला आहे. बंद असला तरी हॉटेलापुढून जाताना ठिबकतो, आणि बेडूक अजून तिथेच आहेत. ते ठिबकणारे पाणी सोनाबाईच्या झोपेतले आहे. मला नवा रंग नको. एक वॉशर तेवढा बदला.