टाकीची उंची

सिद्धोधन सर पालम तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलात विज्ञान शिकवायचे. गणिताची जागा तीन वर्षांपासून रिकामी होती, म्हणून गणितही त्यांच्याच गळ्यात. त्या वर्षी नववीची पुस्तकं बदलली. ती शाळेत पोचली ऑगस्टात. त्याआधी पालमला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. आधी मुलांना बघू द्या, मोजू द्या, मग सूत्राकडं या, असं तिथं सांगितलं. बाकीचे शिक्षक सही करून चहाला गेले. सरांना मात्र ते मनापासून पटलं.

समरूप त्रिकोण शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी वर्ग मैदानात नेला. तीन फुटी काठी उभी केली, तिची सावली मोजली आणि म्हणाले, "आता न चढता पाण्याच्या टाकीची उंची सांगा."

आश्रुबाची मनिषा वर्गात कधी तोंड उघडत नसे. ती टाकीच्या सावलीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. फूटपट्टीनं जमीन मोजत आली आणि हळूच म्हणाली, "काठी तीन, सावली दोन. टाकीची सावली अठ्ठावीस. मंग टाकी बेचाळीस."

पाणी सोडणाऱ्या नागेशनं वर चढून दोर सोडला. साडेएक्केचाळीस भरली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मनिषा कडुलिंबाचं झाड मोजायची, विजेचा खांब मोजायची. आश्रुबा पारावर सांगायचा, "माझी पोरगी सावलीवरून उंची सांगायलीय."

दिवाळीनंतर मुख्याध्यापक रंगनाथरावांनी सरांना बोलावलं. "पोर्शन कुठवर आलाय?"

"नऊपैकी चार धडे, सर. पण पोरांना समजायलंय."

"समजून काय करता? पेपर बाहेरून छापून येतो."

सरांनी जानेवारीपासून घाई केली. उरलेले पाच धडे फळ्यावर धावत गेले. एप्रिलमध्ये पेपर आले ते जुन्याच वळणाचे. व्याख्या लिहा, प्रमेय सिद्ध करा, रिकाम्या जागा भरा. पुस्तक बदललं होतं, पेपर काढणारे बदलले नव्हते.

तपासायचं सरांनाच होतं, सोबत आलेल्या उत्तरसूचीप्रमाणं. मनिषानं प्रमेयाच्या प्रश्नाला दोन त्रिकोण काढले होते, मापं घातली होती आणि खाली आपल्या शब्दांत लिहिलं होतं, हे असं का होतं ते. तिला विषय कळला होता, हे सरांना दिसत होतं. पण सूचीत पक्ष, साध्य, सिद्धता अशा पायऱ्या होत्या, त्यातली एकही तिच्या कागदावर नव्हती. उद्या कुणी पेपर तपासायला मागितले तर काय सांगायचं? त्यांनी शून्य मांडलं. बेरीज चाळीसपैकी नऊ झाली. रंगनाथरावांनी वरचे गुण देऊन तिला दहावीत ढकललं.

निकालानंतर सर तिच्या घरी गेले. अंगणात मनिषा आणि तिची आई कुसुमबाई हळद निवडत बसल्या होत्या.

"मनिषा, तुझं चुकलं नव्हतं. लिहायची पद्धत तेवढी वेगळी होती," सर म्हणाले.

तिनं मान वर केली नाही. "न्हाई सर. मला गणित येत न्हाई. मला वाटलं व्हतं, येतंय."

"पण तू समजून लिहिलं होतंस."

"मग शून्य कुनी दिलं?" कुसुमबाईंनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. सरांनी 'मी' म्हटलं. कुसुमबाई पुन्हा हळद निवडू लागल्या.

जूनपासून सर फळ्यावर प्रमेयं लिहू लागले. पोरं उतरवून घ्यायची. वर्गातल्या सृष्टीनं एकदा विचारलं, "सर, बाहेर मोजायला जायचं न्हाई का?" सर म्हणाले, "आधी हे पाठ करा." डिसेंबरात पोर्शन संपला. रंगनाथरावांनी शिक्षकांच्या बैठकीत त्यांचं कौतुक केलं.

मनिषानं सगळं पाठ केलं. दहावीला गणितात ती एक्केचाळीस गुणांनी पास झाली. आश्रुबा पेढे घेऊन शाळेत आला.

"सर, तुमच्यामुळं निघाली पोरगी."

"पुढं सायन्सला घालताय ना?"

"तीच नको म्हनली. आर्ट्सला नाव घातलं. तिथं गणित नसतंय म्हनं."

सरांनी पेढा हातात घेतला. आश्रुबा समोर उभा होता, म्हणून त्यांनी तो खाल्ला.